नियत वयोमान

नोव्हेंबर लागला की आमच्या गावातल्या बँकेच्या ओट्यावर सकाळी साडेनऊपासूनच माणसं येऊन बसतात. शटर वर जायला अजून अवकाश असतो. कुणी काठी भिंतीला टेकवून पायरीवर बसलेलं, कुणी नातवाच्या मोटारसायकलवरून उतरतानाच दमलेलं, कुणाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं पासबुक. सगळ्यांचं काम एकच. कोषागाराकडून आलेल्या यादीत आपलं नाव शोधायचं आणि त्यापुढे सही करायची. हयातीचा दाखला. मी अजून आहे, असं वर्षातून एकदा आपल्याच हाताने लिहून द्यायचं. यादीवरून बोट खाली सरकवताना दरवर्षी दोन-तीन ओळखीची नावं अशी येतात, की त्यांच्यापुढे आता सही होणार नाही हे मला ठाऊक असतं. बोट तिथे थोडं थांबतं, मग पुढे जातं.

माझी सही करून मी घाईने घरी येते, कारण आमच्या घरून दोन दाखले जातात. दुसरा आईचा. आबा गेल्यापासून तिला कुटुंब निवृत्तीवेतन आहे. पूर्वी रिक्षा करून तिला बँकेत नेत असे. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते थांबलं. आता तिचा दाखला मोबाईलवर होतो. फोन तिच्या तोंडासमोर धरायचा, चेहरा गोलात बसवायचा, मग पडद्यावर सूचना येते की डोळे मिटा आणि उघडा. आईला वाटतं मी तिचा फोटो काढते आहे. ती पदर सारखा करते आणि डोळे मोठे करून एकटक बघत राहते. "आई, डोळे मिट." मग ती मिटते, ते मिटूनच घेते. "उघड ना गं आता." पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या-पाचव्या खेपेला तिची पापणी आपोआप लवते आणि फोनवर हिरवी खूण उमटते.

आईचं वय सत्त्याऐंशी, माझं त्रेसष्ट. फोन खाली ठेवला की मी थोडा वेळ तिच्या पलंगाच्या काठावर बसून राहते. एका घरात दोन पेन्शनी, आईची आणि लेकीची. आबा १९९० साली अठ्ठावन्नाव्या वर्षी बांधकाम खात्यातून निवृत्त झाले आणि सहा वर्षांनी गेले. त्यांची नोकरी झाली तेहतीस वर्षांची. आई त्यांच्या माघारी एकोणतीस वर्षं त्या नोकरीचं वेतन घेते आहे. त्यांनी ज्या दिवशी नोकरी धरली, त्या दिवशी हे कुणी मनातही आणलं नसेल.

माझ्या सेवानिवृत्तीच्या आदेशात शब्द होते, ‘नियत वयोमानानुसार’. तहसील कचेरीत मी अव्वल कारकून होते, त्यामुळे हे शब्द मी इतरांच्या कागदांवर कितीदा लिहिले असतील त्याची गणती नाही. स्वतःच्या कागदावर ते वाचले तेव्हा पहिल्यांदा त्यांचा अर्थ लागला. नियत म्हणजे ठरलेलं. नियती हा शब्दही त्याच धातूतला. कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं की या वयानंतर माणसाच्या हातून काम सुटावं.

मी ३० जून २०२० रोजी निवृत्त झाले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं होतं. नोकरीचा शेवटचा महिना पडलेली झाडं मोजण्यात गेला. तोंडाला मास्क, हातात पंचनाम्याचे कागद, आणि ज्या वाडीत जावं तिथे नारळी-पोफळी आडव्या पडलेल्या. एका बागेत ऐंशीच्या घरातले एक आजोबा भेटले. त्यांच्या वडिलांनी लावलेली पोफळीची सगळी बाग दोन तासांत गेली होती. मी फळती झाडं किती, न फळती किती, असं विचारत होते. ते मध्येच म्हणाले, "बाई, रोपं कधी मिळतील तेवढं सांगा. पाऊस आहे तोवर लावून घेतली पाहिजेत." पोफळ हाताशी यायला सात-आठ वर्षं लागतात. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी ‘आता काय राहिलं’ असं मनाशी म्हणत तिथे उभी होते. माझ्याहून पाव शतकाने मोठा माणूस पावसाचे उरलेले दिवस मोजत होता. कचेरीत परतले तेव्हा करोनामुळे निरोप समारंभ नव्हता. शाल आणि नारळ टेबलावर ठेवून सगळे लांब लांब उभे होते. आमच्या शिपायाचं वय एकोणसाठ. चतुर्थ श्रेणीला साठपर्यंत मुदत असते, म्हणून ते आणखी वर्षभर कामावर राहणार होते. माझ्याहून वर्षाने मोठ्या त्या माणसाने मला दारापर्यंत पोचवलं.

हे अठ्ठावन्न आलं कुठून? केंद्र सरकारने १९६२ साली निवृत्तीचं वय पंचावन्नावरून अठ्ठावन्न केलं. तेव्हा भारतातल्या माणसाचं सरासरी आयुष्य पन्नाशीलाही पोचलं नव्हतं. १९९८ साली केंद्राने ते साठ केलं, आपल्या राज्यात बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी ते अठ्ठावन्नच राहिलं. दरम्यान सरासरी आयुष्य सत्तरीच्या पुढे गेलं. अर्थात सरासरी या शब्दाने फसायला होतं. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास ती बत्तीसच्या आसपास होती, म्हणजे लोक बत्तिशीत मरत होते असं नव्हे. आईच्या आईची नऊ बाळंतपणं झाली. चार मुलं जगली, आणि ती चारही सत्तरीपलीकडे गेली. उरलेल्या पाचांपैकी तिघांची बारशीसुद्धा झाली नव्हती. अशा न झालेल्या बारशांनी ती सरासरी खाली ओढलेली होती. पुढे देवीची लस गावोगाव पोचली, क्षयाची औषधं आली, हगवणीने सुकलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायचं हे घरोघरी कळलं. आयुष्य वाढायला सुरुवात झाली ती पाळण्यापासून. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले बालमृत्यू उतरले. त्यात वाचलेली मुलं पुढे कधीतरी म्हातारी होतील. म्हातारपण ही अशी खूप आधी कुणीतरी केलेल्या कामाची कमाई आहे.

आणि वय तरी कुणाला नेमकं ठाऊक होतं? माझ्या पिढीच्या किती मुलांचा जन्म १ जूनचा आहे! शाळेत नाव घालताना मास्तर अंदाजाने वर्ष आणि सोयीने तारीख लिहीत. १ जूनला जन्मलेला ३१ मेला निवृत्त होतो, म्हणून दरवर्षी त्या एका दिवशी कचेऱ्यांमधल्या खुर्च्या रांगेने रिकाम्या होतात. सहा-सात वर्षांच्या पोराकडे बघून मास्तरांनी लिहिलेल्या तारखेवर माणूस अर्ध्या शतकाने निवृत्त होतो. शाळेत न गेलेल्यांचं आणखी वेगळं. आमच्या कोकणात वय सांगायचं ते कशाच्या तरी आधाराने. रामदास बोट बुडाली तेव्हा मी एवढी होते, असं आई हात धरून दाखवते. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट सहाशेहून अधिक माणसं घेऊन बुडाली. आईच्या वाडीतलं कुणी त्यात नव्हतं, तरी त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत हे तिला आजही आठवतं. मी सकाळी काय बोलले ते मात्र तिला दुपारी आठवत नाही.

आमच्याच भागात मुरूड आहे, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. वयाचा विषय निघाला की मला त्यांची साताऱ्याची गोष्ट आठवते. १८७५ साली हा सतरा वर्षांचा मुलगा मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला, सहावीच्या परीक्षेसाठी. तिथे त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. वयाने लहान दिसतोस, म्हणाले. तो आला तसा चालत परत गेला. चेहरा बघून वय ठरवलेला तो मुलगा पुढे एकशे चार वर्षं जगला. १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून ते निवृत्त झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केलं आणि शहाऐंशीव्या वर्षी समता संघ. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते गेले. मी त्याच वर्षी जून महिन्यात जन्मले.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या प्रत्येक सभेत हे दाखले दिले जातात आणि ते द्यावेत असेच आहेत. मात्र ते ऐकताना माझं मन बाया कर्व्यांकडे जातं. आनंदीबाई. नवऱ्याची मिळकत संस्थेकडे जात असताना घर चालवायचं काम त्यांच्याकडे होतं. ‘माझे पुराण’ या त्यांच्या आत्मकथनात तो सगळा संसार आहे. कर्व्यांच्या या सगळ्या कामाखाली एक खांदा होता, आणि त्या खांद्याला निवृत्ती नव्हती. १९५० साली बाया गेल्या. तीन वर्षांनी थोरला मुलगा, रघुनाथ धोंडो, गेला. पंचाण्णव वर्षांच्या बापाने एकाहत्तर वर्षांच्या मुलाचं जाणं पाहिलं. ‘शतायुषी हो’ असा आशीर्वाद देताना आपण हा भाग मनात आणत नाही.

आबांची एक आत्या होती. तिला आम्ही आंधळी आजी म्हणत असू, कारण आम्हाला कळायला लागलं तेव्हापासून तिला दिसत नव्हतं. मोतीबिंदू. साठीच्या आतच तिचे डोळे गेले आणि उरलेली पंधरा-सोळा वर्षं ती ओटीवर एकाच जागी भिंतीला टेकून बसली. तिथे भिंतीला तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडला होता, तो ती गेल्यावरही कित्येक वर्षं चुन्याखालून वर येई. आईला मोतीबिंदू झाला तेव्हा तालुक्याच्या शिबिरात तिच्या डोळ्यात भिंग बसवलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि ती मला म्हणाली, "तुझे केस केव्हा पांढरे झाले गं?" त्यानंतर दहा-बारा वर्षं ती रोज पेपर वाचत होती, मला तांदूळ निवडून देत होती, बागेतल्या अबोलीचे गजरे करत होती. ती दहा-बारा वर्षं म्हणजे वाढलेल्या आयुष्यातलं निखळ सोनं. आंधळ्या आजीला जी मिळाली नाहीत तीच वर्षं आईला मिळाली. कुणी मला विचारलं की लांबलेल्या आयुष्याचं भलं काय, तर मी त्या गजऱ्यांकडे बोट दाखवीन.

मग चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती न्हाणीत घसरली. एवढ्या वयात ऑपरेशन करावं का, हे विचारायला मी डॉक्टरांपुढे बसले होते. ते म्हणाले, चालण्यासाठी म्हणून नका करू, पण बसता यावं म्हणून करा. पडून राहिल्या तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ धरेल. म्हणून केलं. आता ती बसते, वॉकर धरून चार पावलं टाकते, आणि बाकीचा वेळ हवेच्या गादीवर असते. त्या गादीच्या पंपाची घरघर हा आता आमच्या घराचा आवाज झाला आहे. वीज गेली आणि तो थांबला की मला झोपेतून जाग येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात भारतीय माणसाचं सरासरी आयुष्य सत्तरीच्या आसपास आणि त्यातलं निरोगी आयुष्य साठीच्या आसपास आहे. मधली दहा वर्षं कशी दिसतात ते मला विचारा. सोमवार ते रविवार लिहिलेल्या गोळ्यांच्या दोन डब्या फळीवर शेजारी शेजारी असतात, एक तिची, एक माझी. रक्तदाबाची गोळी दोघींची एकच आहे. रात्री तिने देवघरातली घंटा वाजवली की मी उठते, आणि उठताना माझा गुडघा आधी बोलतो. तिला कुशीवर वळवायचं म्हणजे एक हात तिच्या खांद्याखाली, एक मांडीखाली. मागच्या वर्षी असं करताना माझ्या कमरेत उसण भरली ती तीन आठवडे गेली नाही. म्हाताऱ्या आईची सेवा तरुण मुलांनी करावी असं आपल्या सगळ्या गोष्टींमध्ये आहे. श्रावणबाळाच्या खांद्यावर कावड होती आणि तो बाळ होता. साठी उलटलेल्या श्रावणबाळाची गोष्ट आपल्याकडे कुणी सांगितलेली नाही.

सकाळी चहा दिला की आई माझ्याकडे बघून विचारते, "तुला आज ऑफिस नाही का?" सुरुवातीला मी सांगत असे की मी रिटायर झाले. तिला ते पटत नसे. रिटायर म्हातारी माणसं होतात, तू कशी होशील? आता मी सांगते, "जायचंय, अजून वेळ आहे." "डबा घेतलास?" "घेतला." मग ती निवांत होते.

लक्ष्मीबाय आमच्याकडे आल्या त्या आईच्या ऑपरेशननंतर. कुणीतरी सांगितलं की खालच्या वाडीतल्या एक बाई आहेत, अंगाने काटक आहेत, म्हाताऱ्यांचं करायची सवय आहे. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, ओळखलं नाही मला? तुमच्या हापिसात आले होते मी. निराधारच्या पैशासाठी."

ओळखलं. २०१९ साली मी संजय गांधी योजनेची शाखा बघत होते. त्या शाखेकडच्या श्रावणबाळ योजनेत पासष्ट वर्षं पुरी लागतात आणि वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत. उत्पन्नाचा प्रश्नच नव्हता. आधार कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९५७. म्हणजे कागदावर बासष्ट. त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहून सांगत होत्या, "भूकंप झाला त्या थंडीत माझं लगीन ठरलं होतं. चौदा वर्षांची होते मी." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. चौदा वजा केले की १९५३ येतं. मी तो हिशोब तिथल्या तिथे मनात केला होता. त्या खरंच सहासष्टीच्या होत्या, हे मला समजलं होतं. तरी मी अर्जावर ‘वयाचा सबळ पुरावा जोडावा’ असं लिहिलं आणि प्रकरण त्रुटीत काढलं. भूकंप हा पुरावा होत नाही. मी नियमाने बरोबर होते. आज तोच अर्ज माझ्यासमोर आला तर आजही मला तेच लिहावं लागेल, आणि हेच मला छळत राहतं. तीन वर्षांनी कागदाचं वय पासष्टला पोचलं तेव्हा त्यांचं प्रकरण मंजूर झालं. मधली तीन वर्षं त्यांनी काय केलं हे मी एकदा विचारलं. "काय करायचं? काजूला जात होते," म्हणाल्या. त्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

सव्वीस वर्षं त्या काजूच्या कारखान्यात बी फोडायला होत्या. टरफलातलं तेल बोटांना लागतं, कातडी जळते, काळी पडते, सोलून निघते, पुन्हा येते. त्याआधी आणि त्यासोबत दरवर्षीची लावणी. तीन पोरं. अंथरुणाला खिळलेली सासू सात वर्षं. आता माझी आई. कागदावर त्या अडुसष्टच्या आहेत आणि भूकंपाच्या हिशोबाने बहात्तरच्या. सकाळी नऊला येतात, पाचला जातात. आईला न्हाऊ घालताना त्यांचे ते काळे पडलेले हात तिच्या पाठीवरून इतके हळू फिरतात, की आई डोळे मिटून घेते. मोबाईलसमोर न मिटणारे डोळे तिथे आपोआप मिटतात.

पेन्शनर मंडळी १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात. १९८२ साली त्या तारखेला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. पेन्शन ही कुणाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नसून केलेल्या सेवेपोटी मिळवलेला हक्क आहे, असा त्याचा आशय. आमच्या सभेत तो दरवर्षी वाचला जातो, आम्ही टाळ्या वाजवतो. मलाही तो मनापासून मान्य आहे. मी पस्तीस वर्षं काम केलं, मला पेन्शन मिळते. आबांनी केलं, आईला मिळते. पण गेल्या डिसेंबरात तो निकाल ऐकताना मला लक्ष्मीबायचे हात दिसू लागले. पन्नासहून अधिक वर्षं त्या हातांनी काम केलं. ते कुणाच्या सेवापुस्तकात चढलं नाही. त्यांना मिळतात त्या महिन्याच्या दीड हजार रुपयांचं सरकारी नाव निवृत्तीवेतन असलं, तरी ते मिळतात निराधार म्हणून, केलेल्या कामापोटी नव्हे. असंघटित कामगारांसाठी आता पेन्शनच्या योजना आहेत, अटल पेन्शन आहे, श्रमयोगी मानधन आहे, पण त्यांचं दार चाळिशीपर्यंतच उघडं असतं. त्या योजना आल्या तेव्हा लक्ष्मीबाय साठीच्या होत्या. आयुष्य सगळ्यांचं वाढलं. निवृत्ती फार थोड्यांना मिळाली.

मी त्यांना रविवारची सुट्टी दिली आणि ती पगारी ठेवली. पोस्टात त्यांच्या नावाने महिन्याला थोडे पैसे टाकते. हे पुरेसं नाही हे मला कळतं. माझ्या स्वतःच्या पेन्शनीतला काही भाग मी निवृत्त होतानाच अंशराशीकरणात विकला, घराच्या कौलांसाठी. पंधरा वर्षांनी तो पुन्हा सुरू होईल. सरकारच्या हिशोबात मी तेव्हा, त्र्याहत्तराव्या वर्षी, असणार आहे.

एकदा मी त्यांना विचारलं, "लक्ष्मीबाय, तुम्ही थांबणार केव्हा?"

त्या आईचा, त्यांच्या वयनींचा, कपडा पिळत होत्या. म्हणाल्या, "वयनी आधी जातात का मी, ते बघायचं."

आमच्या वाडीत अठरा घरं. सात घरांना कुलूप, ती गणपती आणि शिमग्याला उघडतात. उरलेल्या अकरांपैकी आठ घरांत साठीच्या आतलं कुणी नाही. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या आणि आधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या घटली होती. चाकरमानी मुंबईला जातात, म्हातारे मागे राहतात, आणि म्हाताऱ्यांत बायका जास्त जगतात. संध्याकाळी वाडीतून चालत गेलं तर दर घरात टीव्हीच्या उजेडात एक एकटी बाई दिसते. या अकरा घरांचं मिळून एक स्वयंपाकघर, एक नर्सबाई, पडल्यावर उचलायला दोन धडधाकट माणसं, एवढं जरी झालं तरी केवढा फरक पडेल. ज्येष्ठ नागरिक संघात मी हे मांडलं आहे. तिथे आम्ही सगळे साठीपुढचे. उचलायला कोण येणार, इथे येऊन गाडी अडते.

शेजारच्या घरात एक मुलगी आहे. डी.एड. होऊन सात वर्षं झाली, भरतीची वाट बघते आहे. २०२३ च्या जुलैमध्ये निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजारांवर, सत्तर वर्षं वयापर्यंत, जिल्हा परिषद शाळांमध्ये पुन्हा घ्यायचं ठरलं. आमच्या ओळखीचे एक गुरुजी आनंदाने गेले. मुलांमध्ये गेलं की माझं वय उतरतं, म्हणाले, आणि ते खरं होतं, त्यांची चालच बदलली. ही मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी. मला दोघांचंही मन कळतं. अठ्ठावन्नचं साठ करा, अशी आमच्या संघटनेची मागणी होती, तिच्यावर माझीही सही आहे. आज ती सही करताना माझा हात अडखळेल. माझ्या जागेवर आलेल्या मुलीला जुनी पेन्शन नाही. २००५ च्या नोव्हेंबरपासून लागलेल्यांना ती सहसा नाही. जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च २०२३ च्या संपात ती कचेरीबाहेर उन्हात बसली होती. तिला माझ्याहून जास्त आयुष्य असेल, आणि ते कसं पुरवायचं याचा घोर तिला तिशीतच लागला आहे.

परवा लक्ष्मीबायचे पैसे काढायला त्यांच्यासोबत गेले. बँकेच्या ओट्यावर आमची नोव्हेंबरची गर्दी होती, पण त्यांना तिकडे जायचं नव्हतं. त्यांचे पैसे बाजारातल्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून मिळतात. आईजवळ शेजारची मुलगी बसली होती, म्हणून आम्हाला दोघींना एकदम बाहेर पडता आलं. एस.टी.त त्यांनी अर्धं तिकीट काढलं. "पंच्याहत्तर झाली की फुकट," म्हणाल्या, "कागदाची."

केंद्रातला मुलगा सज्जन होता. त्यांनी अंगठा लावला, यंत्राने घेतला नाही. त्याने आपल्या रुमालाने यंत्राची काच पुसली. पुन्हा नाही. त्यांनी पदराला हात घासले, अंगठ्यावर फुंकर मारली. उजवा अंगठा, तर्जनी, मधलं बोट. "आजी, जरा दाबून लावा." त्या दाबत होत्या आणि पडद्यावर प्रत्येक वेळी लाल अक्षरं येत होती. बोटांवर रेषाच उरलेल्या नव्हत्या. काजूच्या तेलाने सव्वीस वर्षांत त्या एकेक करून नेल्या होत्या. मागे रांग वाढत होती, कुणी काही बोलत नव्हतं. उजवा हात संपला. डावा अंगठा. डावी तर्जनी. मी त्यांच्याशेजारी उभी राहून ती बोटं बघत होते आणि माझ्या अक्षरातलं ‘सबळ पुरावा जोडावा’ मला जसंच्या तसं आठवत होतं.

डाव्या हाताची करंगळी राहिली होती. बी धरताना ती बाहेर राहते, म्हणून तिला तेल कमी लागलं असावं. त्यांनी ती काचेवर टेकवली. यंत्र थोडा वेळ तसंच राहिलं, मग हिरवं झालं.

मुलाने पाचशेच्या तीन नोटा मोजून दिल्या. लक्ष्मीबायने त्या घडी करून कमरेच्या पिशवीत खोचल्या आणि मला विचारलं, "किती वाजले, ताई?"

"साडेअकरा होतायत."

"चला मग लवकर. वयनींना कुशीवर करायची वेळ झाली," म्हणून त्या माझ्यापुढे चालू लागल्या.